राखेच्या दोन पुड्या

शनिवारी तांबडा घोडा जिंकला आणि रविवारी सकाळी बाबांच्या सभागृहात पाय ठेवायला जागा उरली नाही. माणसे जिन्यावर बसली होती, खिडक्यांच्या कट्ट्यांवर बसली होती. एक गृहस्थ तर चपलांच्या फडताळावर चढून बसले होते आणि खाली उतरायला तयार नव्हते.

तांबडा म्हणजे सलग पाच शर्यतींत शेवटून पहिला नाहीतर दुसरा आलेला घोडा. पुढच्या डाव्या पायाने अधू. मालक त्याला काढून टाकायच्या बेतात होता. आणि शनिवारी हाच घोडा सगळ्यांना मागे टाकून पहिला आला. का? तर शर्यतीच्या आदल्या दिवशी राखेवाल्या बाबांनी त्याच्या पायाला राख चोळली होती आणि चिमूटभर चाऱ्यात मिसळली होती.

"माणूस बरं वाटल्याचं सोंग करील," बाबा ध्वनिक्षेपकातून गरजले. "घोडा सोंग करील का?"

"नाही!" सभागृह दणाणले.

"घोड्याला मी कोण ते ठाऊक आहे का?"

"नाही!"

"मग तो धावला कुणामुळे?"

"बाबांमुळे!"

"अरे वेड्यांनो, माझ्यामुळे नाही रे," बाबांचा आवाज एकदम लोण्यासारखा झाला. "त्याच्यामुळे!" त्यांनी बोट वर केले. शेकडो माना वर गेल्या. वर पंखा होता.

"आणि हे मी म्हणत नाही हां. मी कोण? मी एक फाटका माणूस. हे सरकार म्हणतंय!"

एका सेवकाने मागच्या भिंतीवरचा पडदा ओढला. चौकटीत एक कागद लावलेला होता. सेवकाने तो शब्द सुटे करून वाचला: "नमुन्यात कोणताही प्रतिबंधित पदार्थ आढळला नाही." खाली गोल शिक्का. शिक्क्याखाली सही. ती सही माझी होती.

शेजारी बसलेल्या ताईने माझ्या दंडाला चिमटा काढला. "बघ! तुला इथे का ओढून आणलं ते कळलं ना आता? शेजारणीला सांगत होते, ही माझ्या धाकटीची सही आहे, तर तिचा विश्वास बसेना." आणि मी हात धरण्याआधीच ती उभी राहून ओरडली, "बाबा, सही करणारी इथेच बसलीय! माझी बहीण आहे!"

मग काय विचारता. कुणी माझे हात कपाळाला लावले, कुणी लहान मूल माझ्या मांडीवर ठेवले. मला उभे करण्यात आले. मी घसा साफ केला. "हे बघा, आढळलं नाही याचा अर्थ इतकाच की…"

"आढळलं नाही!" लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. "बाई स्वतःच्या तोंडाने म्हणाल्या!"

पुढचे वाक्य मी बोलले, पण ते मलाच ऐकू आले नाही.

मी शर्यतीच्या घोड्यांच्या सरकारी प्रयोगशाळेची संचालक आहे. अकरा वर्षे झाली. घोड्याला उत्तेजक दिले का, वेदना मारणारे काही टोचले का, हे आम्ही तपासतो. जिंकणाऱ्या घोड्याची तपासणी नियमानेच होते. शर्यत संपली की त्याला स्वच्छ गवत पसरलेल्या खोलीत नेतात. त्याचा मोतद्दार, म्हणजे त्याची निगा राखणारा माणूस, हळू शीळ घालत उभा राहतो. घोड्याला त्या शिळेची सवय असते. तो लघवी करतो आणि आमचा माणूस लांब काठीला बांधलेल्या भांड्यात ती धरतो. बाटलीला लाखेचे सील लागते. आमच्याकडे येतो तो फक्त नंबर. घोडा कुणाचा, जिंकला की हरला, आम्हाला माहीत नसते आणि माहीत असू नये. निकाल त्याच रात्री जातो.

माझ्या प्रयोगशाळेत एक नियम मी फार कडक पाळते. बाटली यंत्रातून जाऊन आकडे हातात येईपर्यंत कुणी मत द्यायचे नाही. आमची एक तरुण रसायनतज्ज्ञ आहे, सगळे तिला चष्मेवाली म्हणतात. ती एकदा बाटली बघून म्हणाली, "मॅडम, रंगावरून वाटतंय काहीतरी आहे." मी तिला दिवसभर बाटल्या धुवायला लावल्या होत्या.

तांबड्याच्या बाटलीत खरोखरच काही नव्हते. मी नोंदी पुन्हा काढून पाहिल्या. अहवाल खरा होता आणि तरी भिंतीवर टांगल्यावर तो खोटे बोलत होता. मग धावला कसा, या बाबांच्या प्रश्नाचे उत्तर मात्र माझ्याकडे नव्हते.

आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते आणि ताई सोळा वर्षांची. माझी वेणी, माझा डबा, माझा अभ्यास, माझी आजारपणे, सगळे तिने केले. तिचे सांधे दहा वर्षांपासून सुजत होते. माझ्या घराचे तीन जिने चढताना ती प्रत्येक वळणावर थांबायची आणि "तुझ्या घराला पंख लाव बाई" म्हणायची. तीन महिन्यांपूर्वी तिने बाबांची पुडी घ्यायला सुरुवात केली आणि दुसऱ्याच आठवड्यात ती न थांबता वर आली. खोटे कशाला सांगू, तिला तसे चढताना पाहून मलाही भरून आले होते. मी देव मानणारी बाई आहे. कुणी आर्त सुरात त्याचे नाव घेतले की माझे डोळे वाहू लागतात. असेल त्याची कृपा, असेच मी तेव्हा मनात म्हटले.

त्या रविवारी सभागृहातून परतल्यावर ताईच्या स्वयंपाकघरात मी तिच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिले. चेहरा गोल गरगरीत झाला होता. हातावर जागोजागी निळे डाग. बोलता बोलता तिने तिसरा तांब्या पाणी संपवले.

"ताई, डॉक्टरांच्या गोळ्या घेतेस ना?"

"सोडल्या. बाबा म्हणतात, एक हात देवापुढे आणि एक हात औषधाच्या दुकानात, असं चालत नाही."

"या पुडीत काय असतं?"

"राख."

"कशाची?"

"पुण्याची," वर्तमानपत्रामागून भावोजी म्हणाले. ताईने त्यांच्या अंगावर फडके फेकले.

"हसू नका हो. आणि तू काय गं, उलटतपासणी करतेस? तूच सही केलीस ना?"

"घोड्याच्या मुतावर केली! तुझ्यावर नाही केली!"

ताईचा चेहरा उतरला. "माझे पाय दुखतात ते तुझ्या यंत्रात दिसतात का?" ती हळू म्हणाली. "दहा वर्षांनी मी खाली मांडी घालून बसले. तुला तेही बघवत नाही?"

त्या वाक्याने मला राग आला. राग म्हणण्यापेक्षा भीती, पण भीती माझ्याकडे रागाचे कपडे घालूनच येते. मी फडताळातला डबा काढला, चाळीसएक पुड्या मोरीत फोडल्या आणि नळ सोडला. एकच तेवढी पर्समध्ये टाकली. "आजपासून बंद. एक कणसुद्धा नाही. शपथ घे."

ती भांडेल असे मला वाटले होते. ती भांडली नाही. "बरं बाई. तू म्हणतेस तर नाही घेणार. शिकलेली आहेस, तुझं कधी चुकलंय?"

गुरुवारी दुपारी भावोजींचा फोन आला. सकाळपासून उलट्या, उभे राहता येत नाही, आणि मघापासून ती त्यांनाही ओळखत नाही.

इस्पितळात पोचले तेव्हा तिची नाडी हाताला लागत नव्हती. डॉक्टर मधल्या वयाचे, कमी बोलणारे. त्यांनी मला बाजूला घेतले.

"एखादं औषध अचानक बंद केलंत का?"

"औषध नाही. राख… एक राखेची पुडी घ्यायची ती. तीन महिने, रोज दोनदा."

"आणि बंद कधी केली?"

"रविवारी. मी बंद करायला लावली."

त्यांनी मान हलवली. "चेहरा बघूनच मला स्टेरॉइडचा संशय आला होता. तसं धरूनच इंजेक्शन चालू केलंय. शरीर हे रसायन रोज स्वतः बनवतं. बाहेरून आयतं मिळत राहिलं की ते बनवणं सोडून देतं. मग बाहेरचं एकदम तोडलं की…"

"की शरीराकडे काहीच उरत नाही," मी वाक्य पुरे केले. हे मला ठाऊक होते. पुस्तकात वाचलेले, परीक्षेत लिहिलेले, घोड्यांच्या बाबतीत हाताखालच्यांना शिकवलेले. एकाही घोड्याविषयी मी न तपासता कधी चकार शब्द काढला नव्हता. आणि घरच्या ओट्यापाशी, जिने मला वाढवले तिच्याबाबतीत, पुडी यंत्रात जाण्याआधी मी निकाल देऊन मोकळी झाले होते.

माझी प्रयोगशाळा घोड्यांसाठी. माणसांच्या पुड्या तिथे तपासता येत नाहीत. डॉक्टरांनी रीतसर पत्र लिहिले, रुग्णाच्या जिवाला धोका आहे, अज्ञात पदार्थ ओळखून द्यावा. वरून परवानगी आली. पर्समधली पुडी मी चष्मेवालीच्या हातात ठेवली आणि स्वतः खोलीबाहेर बाकावर बसले. बहीण माझी होती, म्हणून यंत्राजवळ मी नको.

ती बाहेर आली तेव्हा तिने चष्मा काढून हातात धरला होता. "मॅडम, आहे. स्टेरॉइड आहे आणि वर एक वेदनाशामक. डॉक्टर जपून देतील त्याच्या तिप्पट, एकेका पुडीत."

म्हणजे जिने चढवणारी कृपा ती ही. सूज उतरवणारे औषध, कुणी न मोजता, कुणी न विचारता, राखेत कालवलेले.

पण मग तांबडा? हाच पदार्थ घोड्यात असता तर आमच्या यंत्राने तो पहिल्या फेरीत पकडला असता. मी उठले आणि सरळ तबेल्यात गेले.

त्या शनिवारी शेवटून दुसऱ्या आलेल्या काळ्या घोडीचा मोतद्दार तिला खरारा करत होता. म्हातारा माणूस, घोड्यांशी जास्त आणि माणसांशी कमी बोलणारा.

"मामा, तुमच्या काळीलाही बाबांची राख लावली होती का?"

त्याने आधी इकडेतिकडे पाहिले. मग घोडीच्या पोटाआड उभा राहून म्हणाला, "लावली होती की. मालकाला सांगितलं होतं, फक्त तुझ्याच घोडीला देतोय, कुठे बोललास तर गुण जाईल."

"आणखी कुणाला?"

"आता बाईसाहेब, आम्ही मोतद्दार लोक एका नळावर पाणी भरतो. नऊ घोडे धावले, त्यातल्या सातांना लावली होती. सातही मालकांना वाटत होतं, आपल्यालाच."

"मग हरलेले गप्प का बसले?"

"हरल्यावर कोण बोलणार? बाबांनी सांगितलं, तुझी श्रद्धा कमी पडली. मालकाने मान खाली घातली आणि दुसरी पुडी नेली." त्याने घोडीच्या मानेवर थाप मारली. "आणि तांबड्याचं म्हणाल तर त्याची नाल वाकडी बसली होती. त्याचा मोतद्दार महिनाभर कोकलत होता. शेवटी नाल बदलली, घोड्याला दोन महिने आराम दिला. धावणारच की तो. पण नालेची कुणी आरती ओवाळतं का?"

किती साधे! सातांपैकी एक जिंकण्याचीच शक्यता जास्त. जो जिंकेल त्याची तपासणी नियमाने होणारच. तो स्वच्छ निघणारच. आणि कागदावर सही कुणाची, तर माझी. बाबांच्या चमत्काराला आम्ही दर आठवड्याला शिक्का मारून देत होतो.

म्हाताऱ्याने गवताच्या पेटीतून एक उरलेली पुडी काढून दिली. शर्यतीच्या व्यवस्थापनाने ती रीतसर आमच्याकडे पाठवली. निकाल आला: लाकडाची राख. बाकी काही नाही.

दोन्ही अहवाल मी टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. म्हणजे हा माणूस भोळा नव्हता. कुठल्या पुडीत काय घालायचे आणि कुठल्या पुडीत काय घालायचे नाही, हे त्याला पक्के ठाऊक होते. घोड्याच्या मागे प्रयोगशाळा उभी होती, म्हणून घोड्याला शुद्ध राख. माझ्या ताईच्या मागे कुणी उभे नव्हते.

शनिवारी ताई शुद्धीवर आली. मी उशाशी बसले.

"मी एक कणही घेतला नाही गं," ती म्हणाली. "तू सांगितलंस तसंच केलं."

मला रडू आवरले नाही. सगळे सांगितले. पुडीत काय होते, माझे काय चुकले.

"माझ्या ओळीत एक बाई बसते," ती म्हणाली. "पाठीच्या कण्याचं दुखणं आहे तिला. तिलाही सांग. सगळ्यांनाच सांग. पण मला सांगितलंस तसं नको सांगूस."

औषध खात्याला कागद गेला होता, पण कागद कागदाच्या चालीने चालला होता. म्हणून रविवारी मी आणि डॉक्टर सभागृहात गेलो. डॉक्टरांनी बाहेरच्या व्हरांड्यात एक टेबल मांडले आणि ते मुकाट बसून राहिले. मी आत गेले. आज व्यासपीठावर बाबांच्या उजव्या हाताला तांबड्याचा मालक बसला होता. समोर एक सेविका मांडीवर पुड्यांची टोपली घेऊन बसली होती.

"या, या! साक्षात सरकार आलं!" बाबांनी दोन्ही हात पसरले. "बोला बाई, दोन शब्द बोला."

मी ध्वनिक्षेपक घेतला. "दोन शब्द नाही, एकच विनंती आहे. तांबडा येत्या शनिवारी पुन्हा धावणार ना?"

"धावणार आणि जिंकणार!" मालक म्हणाला.

मी टोपलीतून एक पुडी उचलली. "मग ही घ्या. आज याच लोकांना मिळणारी पुडी. सगळ्यांच्या देखत तांबड्याला द्या. मी शनिवारी त्याची तपासणी करते आणि निकाल इथेच येऊन वाचते."

मालकाने हात पुढे केला. बाबा पटकन म्हणाले, "अं हं! घोड्याची राख वेगळी असते."

"वेगळी का? देव तोच, बाबा तेच, चूल तीच ना?"

"घोड्याचा पिंड वेगळा. कंपनं वेगळी. ते तुमच्या यंत्रांना कळायचं नाही, बाई."

"यंत्रांना कळेल म्हणूनच नको म्हणताय ना?" मी मालकाकडे वळले. "तुम्ही सांगा. देता ही पुडी घोड्याला? यात काय आहे ते मला माहीत आहे. हे आढळलं तर तुमचा परवाना जाईल."

मालकाने पुढे केलेला हात मागे घेतला. नुसता घेतला नाही, कुरत्याला पुसला. "माझ्या घोड्याला नको," तो पुटपुटला. पण ध्वनिक्षेपक त्याच्या तोंडापाशीच होता.

मागून कुणीतरी म्हणाले, "घोड्याला नको आणि आम्हाला चालते?"

"श्रद्धा ढळू देऊ नका! ही परीक्षा आहे!" बाबा ओरडले. पण आता मी बोलावलेले मोतद्दार मागच्या दाराशी उभे होते, काळीचा म्हातारा सर्वांत पुढे. तांबडा जिंकला त्या शनिवारी कुणाकुणाच्या घोड्याला राख लावली होती, असे मी विचारले. सात हात वर गेले. लोक वळून वळून ते हात पाहत राहिले. काही मोठ्याने मोजत होते.

मग मी राखेत काय आहे ते सांगितले. गुडघे का हलके होतात ते सांगितले. चेहरा का सुजतो, तहान का लागते, डाग का पडतात तेही सांगितले. बायका शेजारणींच्या चेहऱ्यांकडे पाहू लागल्या. एकाने टोपली हिसकावून भिरकावायला उचलली.

"थांबा!" मी जिवाच्या आकांताने ओरडले. "फेकू नका! मी हीच चूक केली. मी माझ्या बहिणीची राख मोरीत ओतली, न तपासता, रागाच्या भरात. चौथ्या दिवशी ती मरणाच्या दारात होती. ही पुडी घेणं जितकं वाईट, तितकंच ती एकदम सोडणं वाईट. बाबांचं ऐकू नका. पण माझंही नुसतं ऐकू नका. पुडी हातात घ्या, बाहेर डॉक्टर बसलेत त्यांना दाखवा. किती दिवस घेताय ते सांगा. ते हळूहळू सोडवतील."

सगळे उठले असे नाही. अर्धेअधिक बसूनच राहिले, बाबांच्या सुरात सूर मिसळून मोठमोठ्याने गाऊ लागले. एका गृहस्थाने जाता जाता मला "विकाऊ बाई" म्हटले. ताईच्या ओळीत बसणारी ती बाई कोण हे मला शेवटपर्यंत कळले नाही. पण व्हरांड्यात रांग लागली. टेबलापासून फाटकापर्यंत, फाटकाबाहेर वळून पार कोपऱ्यापर्यंत. डॉक्टर एकेकाचा हात धरून विचारत होते आणि लिहीत होते.

रांगेच्या शेवटी ती टोपलीवाली सेविका येऊन उभी राहिली. टोपली अजून कमरेवरच होती. मला वाटले पुड्या परत करायला आली. जवळ गेले तेव्हा दिसले, चेहरा गोल गरगरीत, मनगटावर निळा डाग.

"मी वाटते म्हणून मला दोन जास्त मिळायच्या," ती खाली मानेने म्हणाली. "पाच महिने झाले. आज संध्याकाळची घेऊ की नको?"

हा प्रश्न, मंडळी, तिने पाच महिन्यांपूर्वी विचारायला हवा होता. मी गेल्या रविवारी विचारायला हवा होता. विचारल्याने देव रागावत नाही. रागावतो तो माणूस, ज्याला उत्तर द्यायचे नसते. तुमच्या हातात कुणीही काही ठेवले, बाबाने, शेजारणीने किंवा शिकलेल्या बहिणीने, तर आधी विचारा की यात काय आहे, आणि हे तुम्ही तपासून सांगताय की नुसतेच. घोड्याला विचारता येत नाही, म्हणून त्याच्यासाठी सरकारने प्रयोगशाळा बांधली. तुम्हाला तोंड दिले आहे.

"आज घ्यायची की नाही ते मी नाही सांगणार," मी त्या सेविकेला म्हणाले आणि तिच्याबरोबर रांगेत उभी राहिले. "चला, विचारू."